शाळेच्या कागदावरची आद्याक्षरे : पालकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्राथमिक शाळेतून घरी येणाऱ्या कागदांवर अलीकडे आद्याक्षरांची दाटी झाली आहे. त्यांचा अर्थ विचारणारी पत्रे पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या वाचकांकडून आली. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. वाचण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवावे : यातली काही आद्याक्षरे नोंदवहीची आहेत, काही कायद्याची आहेत आणि थोडीच मुलाच्या शिकण्याची आहेत. पालकांचा शाळेतला बहुतेक वेळ पहिल्या प्रकारात जातो. तो तिसऱ्या प्रकारात जायला हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मुलगी यंदा ‘एफएस-3’मध्ये आहे. सासूबाई बालवाडी म्हणतात, शेजारी यूकेजी म्हणतात, एका फलकावर बालवाटिका असे वाचले. हे सगळे एकच का? शिवाय गोव्यात प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असते, मग पत्रकात ‘तिसरी ते पाचवी’ हा टप्पा कुठून आला? – एक आई, म्हापसा

उत्तर : एफएस म्हणजे फाउंडेशनल स्टेज, पायाभूत टप्पा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने, ज्याला सगळे एनईपी म्हणतात, शाळेची वर्षे 5+3+3+4 अशी मांडली. पहिल्या पाच वर्षांत 3 ते 8 हे वय येते, म्हणजे पहिलीपूर्वीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी. त्या पहिल्या तीन वर्षांना आपल्याकडे एफएस-1, एफएस-2, एफएस-3 म्हणू लागले. जुन्या नावांनी सांगायचे तर नर्सरी, एलकेजी, यूकेजी. धोरणाच्या मजकुरात बालवाटिका हे पहिलीच्या लगेच आधीच्या वर्षाचे नाव आहे. केंद्रीय विद्यालयांत मात्र बालवाटिका-1, 2 आणि 3 असे तीन वर्ग असतात. फलक पाहिला तर तो कोणत्या शाळेचा आहे हे आधी बघावे.

अंगणवाडीतही याच वयाची मुले असतात, पण तिचा कारभार महिला व बाल विकास खात्याकडे असतो. तिथे आहार, वजन-उंचीची नोंद आणि लसीकरणाचा पाठपुरावा ही कामेही चालतात. कागदावर ‘ईसीसीई’ दिसले तर ते या सगळ्याचे मिळून नाव आहे : अर्ली चाइल्डहूड केअर अँड एज्युकेशन, बाल्यावस्थेतील संगोपन व शिक्षण.

तिसरी ते पाचवीचा गोंधळ खरा आहे, कारण एकाच वेळी तीन वाटण्या चालू आहेत. आपल्या सरकारी प्राथमिक शाळा, म्हणजे कागदावरच्या ‘जीपीएस’, पहिली ते चौथीच्या. पाचवीपासून मूल ‘जीएमएस’ म्हणजे सरकारी माध्यमिक-पूर्व शाळेत किंवा हायस्कुलात जाते. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. धोरणात तिसरी ते पाचवी हा पूर्वतयारीचा टप्पा. त्यामुळे पाचवीतला मुलगा इमारतीने हायस्कुलात, कायद्याने प्राथमिकमध्ये आणि अभ्यासक्रमाने पूर्वतयारीत असतो. पाचवीत शाळा बदलते, शिक्षक बदलतात, विषयवार तास सुरू होतात. या वर्षी मूल थोडे बावरले तर त्यामागे अभ्यासाइतकाच हा बदल असतो.

वयाबद्दल घाई करू नका. एफएस-1 साठी 3 वर्षे आणि पहिलीसाठी 6 वर्षे पूर्ण असावीत, हा धोरणाचा हिशेब. वय कोणत्या तारखेला मोजायचे हे त्या वर्षीच्या परिपत्रकात दिलेले असते, ते वाचूनच अर्ज भरावा. प्रवेशासाठी लहान मुलाची किंवा पालकांची चाचणी वा मुलाखत घेणे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 ने मना केले आहे, आणि जन्मदाखला नाही म्हणून पहिली ते आठवीचा प्रवेश नाकारता येत नाही, असे कलम 14 सांगते.

प्रश्न : नातू पहिलीत गेला. जून-जुलै सरला तरी पाठ्यपुस्तक उघडलेले नाही. बाई म्हणतात, ‘विद्या प्रवेश चालू आहे.’ हा वेळ वाया जात नाही का? – एक आजोबा, फोंडा

उत्तर : नाही. विद्या प्रवेश हा पहिलीच्या सुरुवातीचा 12 आठवड्यांचा खेळ-आधारित कार्यक्रम आहे. जुलै 2021 मध्ये तो देशभर आला. काही मुले तीन वर्षे बालवर्गात बसून येतात, काही अंगणवाडीतून, काही थेट घरातून. त्या सगळ्यांना एका पातळीवर आणल्याशिवाय धडा पहिला सुरू केला, तर मागची मुले त्याच दिवशी मागे पडतात आणि पुढे वर्षानुवर्षे मागेच राहतात.

या आठवड्यांत काय चालते ते नातवाला विचारा. गाण्यातला शेवटचा आवाज ओळखणे, ‘क’ने सुरू होणाऱ्या वस्तू गोळा करणे, बिया रंगांनुसार वेगळ्या करणे, मणी ओवणे, ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगणे. हाताची बोटे पेन्सिल धरण्यासाठी आणि कान अक्षरांसाठी इथेच तयार होतात. बाराव्या आठवड्यानंतरही वर्गात नियमित वाचन-लेखन दिसले नाही, तर मात्र शांतपणे विचारणा करावी.

प्रश्न : तिसरीतल्या मुलाबद्दल शाळेने ‘एफएलएन पातळी गाठलेली नाही’ असे कळवले. तो पुस्तकातले धडे घडाघडा वाचतो. मग अडते कुठे? ‘निपुण’ म्हणजेही हेच का? – एक वडील, डिचोली

उत्तर : या अंकातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

एफएलएन म्हणजे फाउंडेशनल लिटरसी अँड न्यूमरसी, मराठीत पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान. निपुण भारत हे त्यासाठीचे अभियान 5 जुलै 2021 रोजी सुरू झाले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधी आकडेमोड करता यावी, आणि हे 2026-27 पर्यंत साधावे, असे त्याचे उद्दिष्ट. म्हणजे एफएलएन ही क्षमता आणि निपुण हे ती साधण्याचे अभियान.

अभियानाच्या लक्ष्यांत प्रत्येक इयत्तेचे माप दिलेले आहे. बालवाटिकेत अक्षरे व त्यांचे आवाज ओळखणे, दोन-तीन अक्षरी सोपे शब्द आणि 10 पर्यंतचे अंक. पहिलीत अनोळखी मजकुरातली चार-पाच सोप्या शब्दांची वाक्ये वाचणे आणि 99 पर्यंतच्या संख्या. दुसरीत मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि 999 पर्यंतच्या संख्या. तिसरीत मिनिटाला किमान 60 शब्द, 9999 पर्यंतच्या संख्या आणि सोपा गुणाकार. शब्दसंख्येचा आकडा दगडावरची रेघ समजू नका. मराठीत ‘घरासमोरच्या’सारखा एक शब्द तीन शब्दांचे काम करतो, त्यामुळे मिनिटाला होणारे शब्द आपोआप कमी भरतात. 2022 च्या पायाभूत अध्ययन सर्वेक्षणात एनसीईआरटीने, म्हणजे शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, 20 भाषांसाठी वेगवेगळे निकष ठरवले, ते याच कारणाने.

आता तुमच्या मुलाचे. ‘पुस्तकातले धडे घडाघडा’ या शब्दांतच बहुधा उत्तर आहे. वर्गात दहादा ऐकलेला धडा मुलांना पाठ होतो आणि बोट ओळीवरून फिरत असले तरी तोंड आठवणीतून बोलत असते. घरी असे तपासा : त्याने कधी न पाहिलेला, साधारण 60 ते 80 शब्दांचा सोपा मजकूर घ्या. जुन्या मुलांच्या मासिकातला उतारा चालेल, वर्तमानपत्रातली बातमी नको. घड्याळ लावून एक मिनिट वाचू द्या, मध्ये दुरुस्त करू नका. अडखळलेले शब्द तुमच्याकडच्या प्रतीवर खुणा करून ठेवा. मिनिट संपल्यावर उरलेला भाग त्याला सावकाश पुरा करू द्या. मग मजकूर झाकून चार प्रश्न विचारा : दोन सरळ, ज्यांची उत्तरे मजकुरात आहेत, एक ‘का’चा, आणि एक ‘पुढे काय झाले असेल’ अशा अंदाजाचा.

आता खुणा पाहा. मूल अक्षर अक्षर सुटे वाचून शब्दाच्या शेवटाला येते तेव्हा सुरुवात विसरलेले असते, तर त्याला अक्षरे येतात, पण ती जोडण्याचा सराव कमी आहे. रोज दहा मिनिटे त्याच सोप्या मजकुराचे तीनदा वाचन, इतकेच करा. घ-ध, भ-म, ‘ख’ आणि ‘रव’ यांत गल्लत होत असेल, तर त्या जोड्या शेजारी शेजारी लिहून फरकाच्या जागेवर बोट फिरवायला लावा. रफार आणि जोडाक्षरांपाशीच अडत असेल, तर तिसरीत हे नेहमीचेच आहे. ‘सूर्य’, ‘पर्वत’, ‘चंद्र’ असे शब्द गटाने घ्यावेत. ऱ्हस्व-दीर्घाची चूक वाचनात मोठी समजू नका. आणि वाचन सुरळीत आहे पण एकाही प्रश्नाचे उत्तर येत नाही, तर वेग वाढवायच्या मागे लागू नका. त्या मुलाला गोष्टी ऐकवा, त्यावर बोला, एका परिच्छेदानंतर थांबून ‘आतापर्यंत काय झाले?’ असे विचारा. अशा मुलाला आणखी जोरात वाचायला लावणे हा घरी होणारा सर्वांत मोठा घोटाळा आहे.

संख्याज्ञानात मराठी माध्यमाची खास अडचण आहे. ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर, म्हणून मूल 35 लिहिते. ‘एकोणचाळीस’ ऐकून 49 लिहिणारी मुलेही भरपूर. यावर पाढ्यांचा उपाय चालत नाही, कारण प्रश्न दशक-एककाचा आहे. माडाच्या हिरांचे बोटभर तुकडे करा, दहा-दहाच्या जुड्या दोऱ्याने बांधा, नऊ सुटे ठेवा. ‘त्रेपन्न’ म्हटले की पाच जुड्या आणि तीन सुटे समोर ठेवायचे, आधी जुड्या मोजायच्या, मग लिहायचे. वजाबाकीत हातचा घेताना हीच जुडी सोडायची. कागदावरचा ‘हातचा’ हातात धरल्याशिवाय पुष्कळ मुलांना कळत नाही.

प्रश्न : प्रगतिपुस्तकात गुण नाहीत. ‘एचपीसी’ असे शीर्षक, ‘सीजी-10’, ‘सी-8.2’ असे काहीतरी आणि डोंगराचे चित्र. मूल पास की नापास? – एक आई, वाळपई

उत्तर : एचपीसी म्हणजे होलिस्टिक प्रोग्रेस कार्ड, समग्र प्रगतिपत्रक. त्याचे नमुने ‘परख’ या एनसीईआरटीतील राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राने केले. पायाभूत टप्प्याच्या नमुन्यात पातळ्या ओढा, डोंगर आणि आकाश अशा चित्रांनी दाखवल्या आहेत : सुरुवात झाली आहे, चांगले जमते आहे, सहज जमते आणि पुढेही जाते. डोंगर म्हणजे मूल वाटेवर आहे. तो ‘ब’ दर्जा समजून शेजारच्या मुलाच्या आकाशाशी तुलना केली, की पत्रकाचा सगळा उपयोग संपला.

आकड्यांचा उलगडा असा. 2022 मध्ये आलेल्या पायाभूत टप्प्याच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात, म्हणजे एनसीएफ-एफएसमध्ये, 13 उद्दिष्टे आहेत. त्यांना करिक्युलर गोल, थोडक्यात सीजी म्हणतात. पहिली तीन शरीर व आरोग्याची, चार ते सहा भावना व सहजीवनाची, सात-आठ आकलनाची (गणित आठव्यात), नऊ ते अकरा भाषेची, बारावे कला-संस्कृतीचे आणि तेरावे शिकण्याच्या सवयींचे. सीजी-10 म्हणजे पहिल्या भाषेतले वाचन-लेखन. ‘सी’ म्हणजे त्या उद्दिष्टाखालची क्षमता, सी-8.2 ही आठव्या उद्दिष्टाची दुसरी क्षमता. त्याहून बारीक पायरीला ‘एलओ’ म्हणतात, अध्ययन निष्पत्ती. जुन्या पत्रकांत ‘डीजी’ 1 ते 3 दिसतील. ती निपुण अभियानातली तीन विकास-उद्दिष्टे : आरोग्य, संवाद, आणि परिसराशी जोडलेले शिकणे.

वरच्या वर्गांत ‘एफए’ आणि ‘एसए’ दिसतात. एफए म्हणजे आकारिक मूल्यमापन, शिकवता शिकवता घेतलेला अंदाज : तोंडी उत्तर, कृती, वहीतले काम. एसए म्हणजे संकलित, सत्राच्या शेवटचे. एफए कमी आणि एसए चांगले असेल, तर मूल शेवटी घोकून वेळ मारून नेते आहे का, ते पाहा. उलटे असेल, तर मुलाला विषय येतो पण लेखी मांडणी किंवा वेळ आड येते.

पास-नापासाबद्दल : शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 मुळे पहिली ते चौथीत मुलाला मागे ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीच्या अखेरीस परीक्षा, नापास झाल्यास निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षा, आणि त्यानंतरही न जमल्यास त्याच वर्गात ठेवायचे की नाही, हा निर्णय सरकारांवर सोपवला. आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता मात्र येत नाही.

पालकसभेत ‘कसा आहे अभ्यास?’ विचारू नका, ‘ठीक आहे’ एवढेच उत्तर मिळते. पत्रकातली एक ओळ निवडा आणि म्हणा, ‘ही क्षमता कोणत्या कामातून पाहिली ते दाखवाल का?’ शिक्षिकेकडे मुलाच्या कामाचा संचय, म्हणजे पोर्टफोलिओ, असतो. जूनचे पान आणि ऑक्टोबरचे पान शेजारी ठेवून पाहिले, की डोंगर-आकाशापेक्षा जास्त कळते.

प्रश्न : यूडायस, पेन आणि अपार हे तीन क्रमांक वेगवेगळे आहेत का? आधारवरचे आडनाव जुळत नाही म्हणून अपार अडला आहे. – एक वडील, केपे

उत्तर : तिन्ही वेगळे आणि तिन्ही नोंदवहीचे. यूडायस हा शाळेचा 11 अंकी क्रमांक, गोव्यातल्या शाळांचा 30 ने सुरू होतो. पेन म्हणजे पर्मनंट एज्युकेशन नंबर. यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर विद्यार्थ्याची नोंद झाली की तो तयार होतो आणि शाळा बदलली तरी तोच राहतो. अपार हा 12 अंकी क्रमांक, आधारशी जोडलेला, पुढे सगळी शैक्षणिक कागदपत्रे एका खात्यात राहावीत यासाठीचा. अपारसाठी पालकांची लेखी संमती लागते. संमतीचा कागद न वाचता सही करू नये, आणि दिलेली संमती मागे घेता येते.

आडनावाचा घोळ आपल्याकडे फार होतो. रोमन लिपीत नाईक कुठे ‘के’ने संपते, कुठे पोर्तुगीज वळणाने ‘क्यूयूई’ने, गावकरमध्ये कुठे ‘ए-ओ’ लिहितात, कुठे ‘ए-यू’. जन्मदाखल्यावर मुलाच्या नावाला वडिलांचे नाव जोडलेले नसते आणि आधारवर असते. संगणकाला ही दोन माणसे वाटतात. दुरुस्तीचा क्रम चुकवू नका : आधी नागरी निबंधकाकडे जन्मदाखला, मग त्याच्या आधारे आधार, शेवटी शाळेतील जनरल रजिस्टर आणि यूडायस प्लस. आधी शाळेत बदल करून घेतलात, तर आधार बदलल्यावर सगळे पुन्हा करावे लागते. मुलाचे वय 5 पूर्ण झाल्यावर आधारमध्ये बोटांचे ठसे व डोळ्यांची नोंद करावी लागते. नाव दुरुस्तीही त्याच फेरीत उरकावी.

प्रश्न : घरी कोकणी, शाळा मराठी, आणि अर्जावर ‘आर-1’ व ‘आर-2’ भाषा विचारल्या आहेत. काय लिहायचे? – एक आई, सावर्डे

उत्तर : 2023 च्या शालेय आराखड्यात, एनसीएफ-एसईमध्ये, आर-1 म्हणजे मूल ज्या भाषेत पहिल्यांदा लिहाय-वाचायला शिकते ती. शक्यतो ती घरची असावी, असे तिथे म्हटले आहे. आर-2 ही दुसरी, ती इंग्रजीही असू शकते. आर-3 सहावीपासून. तिन्हींपैकी किमान दोन भारतीय भाषा हव्यात. पायाभूत टप्प्याच्या कागदांत यांनाच ‘एल-1’, ‘एल-2’ म्हणतात. मराठी माध्यमाच्या शाळेत आर-1 मराठी. ‘घरची भाषा’ असा वेगळा रकाना असेल, तिथे मोकळेपणी कोकणी लिहा. मराठी लिहिले तर शिक्षिकेला खरी परिस्थिती कळत नाही.

ती कळण्याचा उपयोग होतो. चित्राखाली ‘पाणी’ लिहिलेले असताना मूल ‘उदक’ म्हणाले, तर त्याने अर्थ बरोबर सांगितला, पण वाचले नाही, चित्रावरून ओळखले. शिक्षिकेने ‘बरोबर, आता पहिले अक्षर कोणते ते बघ’ असे म्हणायचे. ‘चूक’ म्हटले, तर मूल बोलणेच बंद करते. सुरुवातीचे काही महिने तोंडी उत्तर कोकणीत घ्यावे, वाचन मराठीत व्हावे. दोन्हींची लिपी देवनागरी, त्यामुळे हा पूल लवकर बांधला जातो. घरी मात्र मोडक्या इंग्रजीत बोलायला सुरुवात करून त्याची पक्की भाषा सैल करू नका. रोज रात्री कोकणीत सांगितलेली लांबलचक गोष्ट मराठी वाचनालाही बळ देते.

प्रश्न : आमच्या वाड्यावरच्या शाळेत चार वर्ग आणि एकच शिक्षिका. ‘पीटीआर ठीक आहे’ असे उत्तर मिळाले. – पालक, सत्तरी

उत्तर : पीटीआर म्हणजे शिक्षकामागे किती विद्यार्थी. बारा मुलांना एक शिक्षिका, हे प्रमाण आकड्यात उत्तमच दिसते. पण शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक दिलेले आहेत. म्हणून अर्जात पीटीआर लिहू नका, ‘परिशिष्टानुसार दोन शिक्षक’ असे लिहा. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास अध्यापन ही अटही त्याच परिशिष्टातली. एकटी शिक्षिका बैठकीला किंवा प्रशिक्षणाला गेली की हे तास कसे भरायचे, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

अर्ज तालुक्याच्या एडीईआयकडे, म्हणजे भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे करावा. डाएट आणि एससीईआरटी या पर्वरीच्या संस्था प्रशिक्षण आणि अभ्यासक्रमाच्या, नेमणुकांच्या नव्हेत. तिथे हेलपाटा घालू नका.

शाळेची एसएमसी या अर्जामागे असली तर वजन येते. एसएमसी म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती : तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण निम्म्या स्त्रिया, आणि शाळा विकास आराखडा करणे व अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे कायद्याने दिलेले काम. पीटीए म्हणजे पालक-शिक्षक संघ, तो वेगळा. एक फरक लक्षात असू द्या : 2012 च्या दुरुस्तीनंतर अनुदानित आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत एसएमसीची भूमिका फक्त सल्ल्याची आहे.

प्रश्न : दुसरीतला मुलगा अक्षरे उलटी लिहितो. शाळेने ‘सीडब्ल्यूएसएन’ यादीत नाव घालू का विचारले. घाबरून गेलो आहोत. – आई-वडील, मडगाव

उत्तर : घाबरू नका. सीडब्ल्यूएसएन म्हणजे विशेष गरजा असलेली मुले. या यादीमुळे विशेष शिक्षकाची मदत, साहित्य आणि सवलतींची दारे उघडतात. मुलाचा वर्ग बदलत नाही.

सात वर्षांच्या मुलाने अक्षर उलटे लिहिणे हे एवढ्यावरून काही ठरवण्याजोगे लक्षण नाही. क्रम असा ठेवा. आधी डोळे आणि कान तपासा. शाळेत येणाऱ्या आरबीएसके पथकाकडून, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून, ही तपासणी होते. मग आठ-दहा आठवडे रोजचा ठराविक वाचन-लेखन सराव द्या आणि नमुने तारखेसह जपा. तरीही फरक पडला नाही, तर मानसशास्त्रज्ञाकडून मूल्यमापन करा. ‘एसएलडी’ म्हणजे विशिष्ट अध्ययन अक्षमता. तिचे प्रमाणपत्र 8 वर्षांपूर्वी देत नाहीत, कारण त्याआधी उशिरा शिकणे आणि अक्षमता यांतला फरक खात्रीने सांगता येत नाही. तोपर्यंत मदत थांबवायची मात्र नाही, मदतीसाठी प्रमाणपत्राची वाट पाहणे हीच मोठी चूक ठरते.

दिव्यांग हक्क कायदा 2016 मधल्या 21 प्रकारांत एसएलडी आहे. प्रमाणपत्रानंतर ‘यूडीआयडी’ ओळखपत्र निघते. शाळेकडून ‘आयईपी’ मागा, म्हणजे या मुलापुरता केलेला शिकवण्याचा आराखडा. त्यात ‘वाचन सुधारणे’ असे मोघम नको. ‘दिवाळीपर्यंत काना-मात्रा असलेले 20 अनोळखी शब्द, त्यांतले 16 बरोबर’ असे मोजता येणारे लिहून घ्या, आणि ते काम कोण, आठवड्यातून किती वेळा करणार हेही.

प्रश्न : माध्यान्ह आहाराच्या फलकावर ‘पीएम पोषण’ आणि 450 हा आकडा का? – पालक, पेडणे

उत्तर : माध्यान्ह आहार योजनेचे 2021 पासूनचे नाव ते. 450 म्हणजे प्राथमिकच्या मुलाला एका जेवणातून मिळायचे उष्मांक, सोबत 12 ग्रॅम प्रथिने. त्यासाठी 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल असे माप आहे. सहावी ते आठवीला 700 उष्मांक आणि 20 ग्रॅम प्रथिने. स्वयंसहाय्य गटाकडून आलेला डबा वाढण्यापूर्वी चव घेऊन नोंद करतात. ती वही पालकांनी अधूनमधून पाहावी.

प्रश्न : नातीच्या डायरीत ‘एचडब्ल्यू नाही’ असे रोज असते. दुसरीत ‘ईव्हीएस’चे पुस्तकही नाही. दप्तर मात्र जड! – एक आजी, काणकोण

उत्तर : एचडब्ल्यू म्हणजे गृहपाठ, सीडब्ल्यू म्हणजे वर्गपाठ. 2020 च्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. ईव्हीएस म्हणजे परिसर अभ्यास, तो वेगळा विषय म्हणून तिसरीपासून येतो. आधी तो भाषेत आणि गणितातच मिसळलेला असतो. तेव्हा बाईंचे काही चुकलेले नाही.

दप्तराबद्दल तुमची तक्रार रास्त आहे. ते मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जड नसावे, पहिली-दुसरीसाठी 1.6 ते 2.2 किलो ही मर्यादा. रिकामे दप्तर, भरलेली पाण्याची बाटली आणि डबा वेगवेगळे तोलून पाहा. बाटली लिटरची असेल तर मर्यादेतला निम्मा भार तिचाच असतो. शाळेत पिण्याचे पाणी चांगले असेल तर अर्धी बाटली पुरते. एवढे करूनही वजन जास्त भरले, तर वेळापत्रक घेऊन वर्गशिक्षिकेकडे जा आणि कोणत्या वह्या वर्गातच ठेवता येतील ते ठरवून घ्या.